व्हय म्हाराजा!

आमच्या शाळेच्या वाटेवर एक पऱ्या आहे आणि त्या पऱ्यावर एक साकव होता. ‘होता’ असे म्हणतो, कारण मागल्या एका पावसाळ्यात त्याचा मधला तुकडा वाहून गेला आणि दोन्ही टोके, भांडलेल्या भावांसारखी, एकमेकांकडे पाहत उभी राहिली. पलीकडच्या तीन वाड्यांतली मुले उन्हाळ्यात पऱ्यातून चालत येतात. पावसाळ्यात मोठे मुलगे कमरेएवढ्या पाण्यातून पुस्तके डोक्यावर धरून येतात. मुली येत नाहीत. हजेरीपट माझ्या हातात असतो, म्हणून हे मला ठाऊक. जून ते सप्टेंबर त्या वाड्यांतल्या मुलींच्या नावांपुढे गैरहजेरीच्या खुणांची रांग लागते. त्या खुणांचा अर्थ मला कळतो. दोन पावसाळे ती रांग तशीच राहिली, की तिसऱ्या वर्षी मुलीचे नावच पटावरून जाते.

साकवासाठी अर्ज झाले. एक नव्हे, सात झाले. प्रत्येक अर्जाच्या स्थळप्रतीवर पोच म्हणून गोल शिक्का आहे, तारीख आहे, आवक क्रमांक आहे. सरकारी कागदाला जे जे लागते ते सर्व आहे. फक्त साकव नाही.

मग गणपतीत मुंबईचे चाकरमानी आले. विसर्जनाला मूर्ती डोक्यावर घेऊन मंडळी त्याच पऱ्यावर उतरली आणि एका म्हाताऱ्याचा पाय शेवाळावर सरकला. मूर्ती वाचली, म्हातारा वाचला, पण त्या रात्री आरतीनंतर कोणी भजनाला बसले नाही. सगळे साकवावरच बोलत राहिले. तेव्हा कॉलेजात जाणारी एक पोरगी म्हणाली, “आपण सगळे एकाच दिवशी आमदारांना फोन का करत नाही? प्रत्येक घरातून एक.” मोठ्यांनी आधी तिच्याकडे पाहिले, मग एकमेकांकडे. ठरले. सोमवार, सकाळी अकरा ते संध्याकाळी पाच. नाव सांगायचे, वाडी सांगायची, साकव कधी होणार एवढेच विचारायचे आणि आभार मानून फोन ठेवायचा. मुंबईच्या खोल्यांतूनही फोन करायचे, कारण गाव सोडले म्हणून साकव परका होत नाही.

त्या सोमवारी सव्वाशेच्या वर फोन गेले. पहिले वीस-पंचवीस नीट ऐकले गेले. नंतर पलीकडचा आवाज चढला. दुपारी फोन बंद झाला. संध्याकाळी उलट फोन आला: “हा काय प्रकार आहे? हा साहेबांचा छळ आहे. फोन करणाऱ्यांची यादी पोलिसांकडे देऊ.”

या निरोपाचे मला फारसे नवल वाटले नाही. नवल वाटले ते चार दिवसांनी, वाचनालयात. तिथे एक निवृत्त अधिकारी रोज येतात. शांत, व्यासंगी, कधी कोणाला वेडावाकडा शब्द न बोलणारे. ते मला म्हणाले, “मास्तर, तुम्ही शिकलेली माणसे. तुम्ही तरी त्या लोकांना आवरायचे. अर्ज करणे वेगळे आणि असा कल्ला करणे वेगळे. पाच वर्षांतून एकदा मत देतोच ना आपण? मग प्रतिनिधीला त्याचे काम करू द्यावे.” भोवतालच्या चार-पाच सभ्य मंडळींनी माना डोलावल्या. मी तेव्हा गप्प बसलो, कारण चहा त्यांनीच पाजला होता. उत्तर आज देतो, आणि ते त्या गृहस्थांपुरतेच देत नाही. वाचकहो, ती डोलणारी मान आपल्या प्रत्येकाच्या खांद्यावर आहे.

सभ्य मंडळींना वाटते की एकत्र होऊन दार ठोठावणे ही आजच्या मोबाइलने शिकवलेली वाईट खोड आहे. त्यांनी आपल्याच मराठी मुलखाचा इतिहास उघडून पाहावा. १८७० साली पुण्यात सार्वजनिक सभा निघाली. गणेश वासुदेव जोशी, ज्यांना लोक ‘सार्वजनिक काका’ म्हणू लागले, ते तिच्या मुळाशी होते. त्या सभेचा नियम काय होता? सभासद व्हायचे तर किमान पन्नास माणसांचे मुखत्यारपत्र आणायचे. म्हणजे आपण बोलतो ते एकट्याच्या तोंडाने नव्हे, पन्नासांच्या तोंडाने, हे आधी सिद्ध करायचे आणि मग बोलायचे. याच सभेने १८७५ साली इंग्लंडच्या पार्लमेंटकडे अर्ज पाठवला, की आमचे प्रतिनिधी तुमच्या सभेत बसू द्या. त्यावर एकवीस हजारांहून अधिक माणसांच्या सह्या होत्या. तेव्हा रेल्वे मोजक्या ठिकाणी, रस्ते कच्चे, लिहिता येणारी माणसे थोडी. तरी एकवीस हजार! त्या सह्या गोळा करणाऱ्याला तेव्हाच्या कोणा साहेबाने ‘कल्ला करतो’ म्हटले नसेल, असे मानायला मी तयार नाही.

पुढची गोष्ट अधिक बोधप्रद आहे. १८९६ च्या दुष्काळात टिळकांच्या प्रेरणेने सभेच्या माणसांनी दुष्काळसंहितेत रयतेला कोणते हक्क दिले आहेत ते मराठीत छापून खेडोपाडी सांगितले. त्यांनी बंड केले नाही. सरकारचाच कायदा लोकांना वाचून दाखवला. त्याचे बक्षीस १८९७ साली मिळाले. मुंबई सरकारने जाहीर केले की सार्वजनिक नीतीच्या प्रश्नांवर सरकारला काही निवेदन करण्याचा अधिकार असलेली संस्था म्हणून या सभेला यापुढे मानले जाणार नाही. सभा बंद केली नाही, कोणाचे तोंड बांधले नाही. फक्त सांगितले, की तुम्ही बोला, आम्ही ऐकणार नाही. ‘फोन बंद करून ठेवणे’ म्हणजे काय, हे त्या वेळच्या गव्हर्नरसाहेबांना फोनवाचूनही चांगले कळत होते.

टिळकांचा जन्म आमच्या या रत्नागिरीतला, १८५६ चा. आम्ही त्यांच्या जन्मस्थानाला पाहुणे नेऊन दाखवतो. त्याच गावात आणखी एक वास्तू दाखवतो, थिबा राजाचा राजवाडा. ब्रह्मदेशच्या या राजाला इंग्रजांनी १८८६ साली रत्नागिरीत आणून ठेवले आणि तो १९१६ साली इथेच वारला. तीस वर्षे तो सरकारला अर्ज करीत होता: नेमणूक पुरत नाही, ती वाढवा, अमुक द्या, तमुकाची परवानगी द्या. राजा असून तो अर्जदार होता, कारण ज्याच्याकडे अर्ज जायचा त्याला निवडण्यात किंवा उतरवण्यात त्याचा काडीचा हात नव्हता. तो एकटा होता. त्याच्या पाठीशी ‘आम्हीही’ म्हणणारा कोणी इथे नव्हता. टिळकांच्या गावचे म्हणवायचे आणि अर्ज मात्र थिबाच्या रीतीने करायचे, ही आमची आजची तऱ्हा आहे.

आता कायदा पाहू. अमेरिकेच्या घटनेत १७९१ पासून स्वच्छ लिहिले आहे की गाऱ्हाण्याच्या निवारणासाठी सरकारकडे अर्ज करण्याचा लोकांचा हक्क काढून घेता येणार नाही. इंग्लंडात तर १६८९ सालीच राजाकडे अर्ज करणे हा प्रजेचा हक्क ठरला आणि त्यासाठी कोणाला तुरुंगात टाकणे बेकायदा ठरले. आपल्या घटनेत मूलभूत हक्कांच्या यादीत अर्जाचा हक्क असा वेगळा नावाने नाही. पण एकोणिसाव्या अनुच्छेदाने भाषणाचे, शांततेने जमण्याचे आणि संस्था काढण्याचे स्वातंत्र्य दिले आहे. ते काय एकमेकांच्या तोंडाकडे पाहत बसण्यासाठी? आणि तीनशे पन्नासावा अनुच्छेद फार थोड्यांनी वाचलेला असतो. तो म्हणतो की कोणत्याही गाऱ्हाण्याच्या निवारणासाठी संघाच्या किंवा राज्याच्या कोणत्याही अधिकाऱ्याकडे वा प्राधिकाऱ्याकडे, तिथे वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत निवेदन देण्याचा हक्क प्रत्येक माणसाला आहे. म्हणजे आमच्या पलीकडच्या वाडीतल्या आजीने आपल्या भाषेत गाऱ्हाणे मांडावे, ही घटनाकारांनी कल्पिलेलीच गोष्ट आहे.

विधिमंडळालाही हा हक्क अपरिचित नाही. आपल्या विधानसभेत ‘विनंती अर्ज समिती’ नावाची समिती आहे. लोकसभेतही तशी आहे. लोकसभेच्या नियमांप्रमाणे अर्ज सभ्य आणि संयमी भाषेत हवा, त्यावर अर्जदाराची सही हवी, लिहिता येत नसेल तर अंगठा चालतो. आणि तो सभागृहापुढे मांडायला एक सदस्य हवा. इथेच सगळी मेख आहे. दार आहे, पण त्याची किल्ली सदस्याच्या खिशात आहे. मग सदस्यापर्यंत पोचायचे कसे? रत्नागिरीच्या माणसाने दर वेळी मुंबईला जाऊन आमदार निवासाच्या जिन्यात उभे राहायचे? एक दिवसाची मजुरी बुडवून, प्रवासखर्च करून? फोन हा त्या दारापर्यंत जाणारा गरिबाचा साकव आहे. तोही कापायचा असेल, तर मग तीनशे पन्नासावा अनुच्छेद चौकटीत लावून भिंतीवर टांगा.

आता सभ्य मंडळींचे आक्षेप एकेक करून घेऊ.

पहिला आक्षेप: शेकडो फोन म्हणजे उपद्रव. मान्य, उपद्रव आहे. पण हा उपद्रव सुरू कोणी केला? २००४ च्या निवडणुकीत लोकांनी फोन उचलला की पलीकडून खुद्द पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांचा आवाज येई. ध्वनिमुद्रित आवाज, त्याला उलट प्रश्न विचारता येत नसे. तेव्हापासून प्रत्येक निवडणुकीत प्रत्येक पक्षाचा आवाज आपल्या स्वयंपाकघरात येतो. दूध उतू चाललेले असते, बाई पदराला हात पुसत फोन उचलते आणि कोणी अनोळखी भाऊ तिला ‘माझ्या प्रिय बहिणी’ म्हणून साद घालतो. तिने कधी पोलिसांत यादी दिली? २०१४-१५ मध्ये भारतीय जनता पक्षाने नुसत्या मिस्ड कॉलवर सभासद नोंदवले आणि त्या आकड्याचा जगभर डंका वाजवला. पक्षाला हवा असतो तेव्हा मिस्ड कॉलसुद्धा माणूस म्हणून मोजला जातो. आणि नाव, गाव सांगून पुरते बोललेला माणूस मात्र उपद्रव ठरतो? प्रतिनिधीला दूरध्वनीसाठी सरकारी तिजोरीतून भत्ता मिळतो. तो काय फक्त बाहेर जाणाऱ्या फोनांसाठी आहे?

दुसरा आक्षेप: सगळे एकच वाक्य बोलतात, कोणीतरी पढवलेले असते. हा आक्षेप जास्त विचार करण्याजोगा आहे, कारण त्यात थोडे सत्य आहे. आधी त्यातले असत्य पाहू. सार्वजनिक सभेच्या अर्जावरच्या एकवीस हजार माणसांनी एकवीस हजार वेगळे मजकूर लिहिले होते काय? मजकूर एकच होता. म्हणून तर तो अर्ज. पंढरीच्या वाटेवर लाखो माणसे एकच नाम घेतात. त्यांना कोणी पढवलेले पोपट म्हणत नाही. आणि आमच्या कोकणात तर ही रीत इतकी जुनी आहे की तिचे मूळ कोणाला सांगता येणार नाही. जत्रेला, शिमग्याला देवळापुढे गाऱ्हाणे घालतात. एक जाणता माणूस नारळ हातात घेऊन पुढे उभा राहतो आणि गावाचे सुखदुःख देवाला सांगतो. प्रत्येक वाक्यानंतर सारा गाव एका आवाजात म्हणतो, “व्हय म्हाराजा!” तिथे प्रत्येकाने वेगळे भाषण करावे अशी देवाची अपेक्षा नसते. पण ‘व्हय म्हाराजा’ म्हणणारे नसतील तर ते गाऱ्हाणे गावाचे होत नाही. त्या एका माणसाचे होते. देवाला जे कळते ते लोकप्रतिनिधीला कळू नये?

हे न कळल्यामुळे काय होते ते २०२० साली दिसले. केंद्र सरकारने पर्यावरण आघात मूल्यांकनाच्या नव्या नियमांचा मसुदा काढला. गावाशेजारी कारखाना, खाण, बंदर येणार असेल तर लोकांना विचारायचे की नाही, किती विचारायचे, हे ठरवणारे हे नियम. आमच्या कोकणात त्यांचे मोल कोणाला समजावून सांगावे लागत नाही. मसुदा इंग्रजीत आणि हिंदीत होता. तो आठव्या अनुसूचीतल्या सर्व भाषांत द्या, असे सांगायला दिल्ली उच्च न्यायालयात जावे लागले. लोकांकडून हरकती सरकारनेच मागवल्या होत्या. तरुण मुलांच्या एका पर्यावरण गटाने लोकांना मंत्र्यांकडे ई-पत्रे पाठवायची सोय आपल्या संकेतस्थळावर करून दिली. पत्रे गेली, ढिगांनी गेली. मंत्री होते आमचे पुण्याचेच प्रकाश जावडेकर. एकाच विषयाची अनेक पत्रे येतात, अशी तक्रार दिल्ली पोलिसांकडे झाली आणि जुलै महिन्यात त्या संकेतस्थळाला नोटीस गेली. कोणत्या कायद्याखाली? बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायद्याखाली, जो दहशतवाद्यांसाठी आहे! पुढे पोलिसांनी ती नोटीस नजरचुकीने गेल्याचे सांगून मागे घेतली. नजरचूक असेल, आम्ही शब्दावर विश्वास ठेवू. पण चूक कोणत्या बाजूला झाली ते पाहा. पत्रे लिहिणाऱ्या पोरांना पदक देण्याची नजरचूक कधी कोणाच्या हातून होत नाही.

आता त्या आक्षेपातले सत्य. पैसेवाला माणूस किंवा कंपनी भाडोत्री ‘व्हय म्हाराजा’ उभे करू शकते. २०१५ मध्ये इंटरनेट सर्वांना सारखे असावे की नाही यावर दूरसंचार नियामक प्राधिकरणाने मते मागवली, तेव्हा दहा लाखांहून अधिक लोकांनी समानतेच्या बाजूने पत्रे पाठवली. त्या वर्षाच्या अखेरीस फेसबुक कंपनीने आपल्या ‘फ्री बेसिक्स’ योजनेसाठी वापरणाऱ्यांपुढे तयार मजकूर ठेवला. एक बोट दाबले की पत्र रवाना. तीही लाखांनी गेली. प्राधिकरणाने काय केले? पोलिसांना बोलावले नाही आणि दारही लावून घेतले नाही. त्याने सांगितले की आम्ही विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे या तयार पत्रांत नाहीत. आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये, मजकूर पाहून आणि कारणे तोलून, भेदभावाच्या दरांवर बंदी घातली. याला म्हणतात ऐकणे. गर्दी खरी की भाड्याची हे ओळखण्याचा उपाय कान उघडे ठेवणे हाच आहे. खोटे नाणे बाजारात येते म्हणून कोणी बाजार बंद करीत नाही; नाणे वाजवून घेतात.

तिसरा आक्षेप: लोक शिव्या देतात, रात्री-बेरात्री फोन करतात, घरच्यांना त्रास देतात. इथे मी सभ्य मंडळींच्या बाजूला उभा आहे, आणि आधी माझ्याच जातभाईंना, म्हणजे शिक्षकांना, दोन शब्द सांगणार आहे. २०२२ च्या ऑगस्टमध्ये गंगापूरचे आमदार प्रशांत बंब यांनी विधानसभेत शिक्षकांच्या मुख्यालयी राहण्याचा आणि घरभाड्याचा प्रश्न काढला. त्यानंतर शिक्षकांचे फोन त्यांच्याकडे जाऊ लागले आणि त्या संभाषणांच्या ध्वनिफिती घरोघर ऐकल्या गेल्या. मीही ऐकल्या. आमदारांशी माझे मतभेद आहेत. गावात राहायला घर नसते, ही आमचीही बाजू आहे. पण त्या फितींतले दोन्हीकडचे चढलेले आवाज ऐकताना मला वाटले, की हा फोन करण्याच्या हक्काचा वापर नव्हे, ही त्याची नासाडी आहे. आमदाराला विचारलेला प्रश्न आमदारासाठी असावा. बाहेरच्या श्रोत्यांसाठी तो फड रंगवायचा नसतो. फोन करणाऱ्याने नाव-गाव सांगावे, दिवसाउजेडी करावा, कचेरीच्या क्रमांकावर करावा, एकच मुद्दा बोलावा आणि अपशब्द वापरू नये. यंत्राने शंभर फोन लावून एका माणसाचे शंभर करू नयेत. हे नियम आमच्या वाडीतल्या कॉलेजकन्येला कोणी न शिकवता कळले होते. ते मोडणाऱ्याला कायदा आहेच. धमकी फोनवर दिली काय आणि पत्राने दिली काय, गुन्हा तो गुन्हाच. पण एका शिवराळ माणसासाठी शंभर विनयशील माणसांचे नाव पोलिसांच्या यादीत कशाला?

आणि यादीची गोष्ट निघाली म्हणून सांगतो: फोन करणाऱ्याचीही काही अब्रू असते. २०१५ मध्ये आलेली दहा लाखांवर पत्रे त्याच प्राधिकरणाने पत्रलेखकांच्या पत्त्यांसकट जाहीर करून टाकली होती. नागरिकाने आपले मत सरकारला सांगायचे आणि सरकारने त्याचा पत्ता चावडीवर लावायचा! ज्याला हक्क वापरताना भय वाटते, त्याचा हक्क कागदावरच राहतो.

चौथा आक्षेप वाचनालयातल्या गृहस्थांचा: पाच वर्षांनी मत देतोच, मधल्या काळात प्रतिनिधीला त्याच्या बुद्धीने काम करू द्या. यामागे मोठी परंपरा आहे. १७७४ साली एडमंड बर्क यांनी ब्रिस्टलच्या मतदारांना हेच सुनावले होते, की प्रतिनिधीने तुम्हाला आपले श्रमच नव्हे, आपली विवेकबुद्धीही दिली पाहिजे. मला ते मान्य आहे. आमदाराने आकडे मोजून मान हलवावी असे मी म्हणत नाही. शंभर फोन ‘हो’ म्हणाले तरी त्याची बुद्धी ‘नाही’ म्हणत असेल, तर त्याने नाही म्हणावे आणि कारण सांगावे. पण बुद्धी चालवायला आधी माहिती लागते. पलीकडच्या वाडीतली मुलगी पावसाळ्यात शाळेत येत नाही, हे त्याला कोणी सांगायचे? आवक क्रमांकाने? बर्कसाहेबांनी मतदारांचे ऐकू नका असे सांगितले नव्हते. ऐकून घेऊन मग स्वतःचा निर्णय करा, असे सांगितले होते. आमच्याकडे त्यातला पहिला भाग गाळून दुसरा पाठ केला जातो.

शिवाय मत देऊन घरी बसल्याने काय होते, ते अण्णा हजारे यांच्या आंदोलनाने दाखवले. २०११ मध्ये राळेगणसिद्धीच्या या माणसाने लोकपालासाठी उपोषण केले, तेव्हा लाखो लोकांनी मिस्ड कॉल देऊन पाठिंबा नोंदवला. ऑगस्ट महिन्यात संसदेने मान तुकवली. कायदा झाला डिसेंबर २०१३ मध्ये. आणि पहिला लोकपाल नेमला गेला कधी? मार्च २०१९ मध्ये! फोन वाजत होते तोवर संसद जागी होती. फोन थांबले आणि पाच वर्षे खुर्ची रिकामी राहिली. अलीकडचेही उदाहरण आहे. २०२५ च्या एप्रिलमध्ये पहिलीपासून हिंदी तिसरी भाषा करण्याचा शासननिर्णय निघाला. पालक बोलले, शिक्षक बोलले, लेखक बोलले, पक्ष रस्त्यावर यायला निघाले. आणि २९ जूनला सरकारने आपले निर्णय मागे घेतले. तेव्हा कोणी म्हटले नाही की पाच वर्षे थांबा. सरकारला ऐकू येते, वाचकहो. सरकार बहिरे नाही. ते फक्त हलक्या आवाजाला बहिरे आहे.

मग हवे काय? तोंडसुख घेऊन थांबणे मास्तराला शोभत नाही. फळ्यावर उत्तर लिहावेच लागते. पहिले, प्रत्येक आमदार-खासदाराच्या कचेरीत एक नोंदवही असावी. तारीख, गाव, विषय, बाजूने की विरुद्ध, एवढेच. नाव-क्रमांक गुप्त राहावा, पण कोणत्या विषयावर किती लोक बोलले, हे दरमहा जाहीर व्हावे. शाळेत चाळीस मुलांची रोज हजेरी घेतो आम्ही. मतदारसंघाची महिन्यातून एकदा घेणे जड जाऊ नये. दुसरे, संख्येला काही उत्तरदायित्व जोडावे. इंग्लंडच्या पार्लमेंटात दहा हजार सह्यांच्या अर्जाला सरकार उत्तर देते आणि एक लाख सह्या झाल्या की त्यावर चर्चा ठेवण्याचा विचार होतो. आपल्या विनंती अर्ज समितीला अशी मोजपट्टी का नसावी? २०२४ च्या विशेष जनसुरक्षा विधेयकावर बारा हजारांहून अधिक सूचना आल्या, असे सरकारनेच सांगितले. २०२५ च्या जुलैत ते विधेयक मंजूर झाले. त्या विधेयकाबद्दल माझे-तुमचे मत काहीही असो, बारा हजार माणसांतल्या प्रत्येकाला आपल्या सूचनेचे काय झाले आणि का झाले, हे कळले पाहिजे. तिसरे, फोन आला म्हणून जुना कागद जाऊ नये. आमच्या डोंगरांच्या घड्यांत अशा वाड्या आहेत, जिथे रेंज शोधायला माडावर चढावे लागेल. तिथल्या आजीचा अंगठा हाही फोनइतकाच मोजला गेला पाहिजे.

वाचनालयातल्या त्या गृहस्थांविषयी माझ्या मनात राग नाही. त्यांनी आयुष्यभर अर्ज घेण्याच्या बाजूला बसून काम केले. मेजाच्या त्या बाजूने पाहिले की प्रत्येक अर्जदार उपद्रवीच दिसतो. त्यांनी एकदा या बाजूला येऊन बसावे, एवढीच विनंती आहे. खुर्ची मी देतो. जूनमध्ये आले तर वर्गात रिकामे बाकही पुष्कळ असतात.

आणि साकवाचे काय झाले, असे तुम्ही विचाराल. सात अर्जांनी जे दोन वर्षांत झाले नाही त्यातले थोडे त्या सोमवारने केले. पोलिस कोणाकडे आले नाहीत. तीन आठवड्यांनी एक जीप आली, दोन माणसे उतरली आणि पऱ्याच्या दोन्ही टोकांना टेप लावून माप घेऊन गेली. माझ्या वर्गातली मुले खिडकीतून पाहत होती. मी गणित थांबवून त्यांना पाहू दिले. टेप आली आहे. साकव अजून यायचा आहे.

म्हणून दिवाळीत पुन्हा चाकरमानी येतील तेव्हा फराळाचे ताट पुढे सारून तीच पोरगी पुन्हा तारीख ठरवणार आहे. या खेपेला यादीत पहिले नाव माझे आहे. मी फोन करीन, नाव सांगेन, शाळा सांगेन, साकवाचे विचारीन, दिवाळीच्या शुभेच्छा देईन आणि आभार मानून फोन ठेवीन. तुमच्या गावातही एखादा साकव असेल. तारीख ठरवा. गाऱ्हाणे घालणारा एक सापडतोच. खोळंबा असतो तो ‘व्हय म्हाराजा’ म्हणणाऱ्यांचा.